सांगाडा आणि नंबर

सायकलची चेन तुटली तर आपण दुकानात जातो, नवी चेन घालून घेतो आणि पुढे निघतो. घड्याळाची काच फुटली, कुकरचं हँडल निखळलं, तरी तेच. ही चेन कुणाच्या नावावर आहे, असं दुकानदार विचारत नाही. पण एक वस्तू अशी आहे, की तिचा एक ठरावीक भाग मोडला तर दुकानदार हात जोडतो आणि कायदा पुढे येऊन उभा राहतो. ती वस्तू म्हणजे पिस्तूल, आणि तो भाग म्हणजे त्याची फ्रेम, म्हणजेच सांगाडा. हातात धरायची मूठ, खटका ज्यात बसतो ते घर आणि वरचा लोखंडी भाग ज्याच्यावरून मागे-पुढे सरकतो तो पाया, असं सगळं मिळून हा सांगाडा होतो. अमेरिकेत तर कायद्याच्या लेखी हा सांगाडा म्हणजेच पिस्तूल. बाकी सगळे सुटे भाग.

गेल्या चाळीसएक वर्षांत हे सांगाडे पोलादाऐवजी प्लॅस्टिकचे होऊ लागले. आणि प्लॅस्टिक म्हटलं की ते कधी ना कधी तडकतं. मग प्रश्न उभा राहतो: जो भाग बदलायला बंदी किंवा अडचण आहे, नेमका तोच भाग तडकला तर करायचं काय? तुम्ही म्हणाल, या कवीला पिस्तुलाशी काय देणंघेणं? माझ्यापाशी पिस्तूल नाही, कधी नव्हतं. पण या लहानशा भेगेतून एक मोठा इतिहास दिसतो. माणसाने हत्यारावर नंबर कधी आणि का घातला, दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात परवाना कसा आला, त्याचा हा इतिहास आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. ‘बंदूक’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. ‘बुंदुक’ म्हणजे कठीण कवचाचं एक गोल फळ. त्यावरून गोल गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारं हत्यार. ‘तोफ’ तुर्कीतून आली. ‘दस्ता’ फारसीतून, कारण ‘दस्त’ म्हणजे हात. आणि या हत्यारांची निगा राखणारा तो ‘शिकलगार’. अरबीत ‘सैकल’ म्हणजे घासूनपुसून लकाकी आणणं. जुन्या काळी आरसे धातूचे असत, त्यांनाही सैकल करावी लागे. म्हणून उर्दू-फारसी कवींनी मनाच्या आरशाला सैकल करण्याची भाषा वापरली. आमच्या नात्यागोत्यात शिकलगार होते. तलवारी गेल्या, संस्थानं गेली, तेव्हा ती माणसं सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते यांच्याकडे वळली. पण हत्यार बिघडलं की ते ज्याच्याकडे न्यायचं तो माणूस, ही त्यांची मूळ ओळख.

त्या काळच्या बंदुकीचं गणित सोपं होतं. नळी लोखंडाची, दस्ता लाकडाचा आणि पेटवण्याची कळ म्हणजे चाप. दस्ता फुटला तर सुताराकडे, चाप बिघडला तर लोहाराकडे. नळी गेली तर जुन्या दस्त्यावर नवी बसवायची. अशी बंदूक आजोबांकडून नातवाकडे येईपर्यंत तिच्यात मूळचं किती उरलं, हे सांगता येत नसे आणि ते विचारायची कुणाला गरजही नसे. बिहारमधल्या मुंगेरमध्ये मीर कासिमने १७६२ च्या सुमारास राजधानी नेली आणि तिथे हत्यारांचा कारखाना उभारला. मुंगेरची बंदूक कारागिरीची परंपरा तेव्हापासूनची सांगितली जाते. ही सारी कारागिरी हातातून हातात आलेली होती. तिला कागदाची गरज नव्हती.

कागद आला १८७८ साली. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा, दुसरा हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आणणारा. लेखणी आणि बंदूक, दोन्हींची भीती सरकारला एकाच वेळी वाटली. वर्तमानपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनच्या काळात रद्द झाला. हत्यारांचा कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही टिकला. त्याच्या जागी स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्र कायदा केला, आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला.

या १९५९ च्या कायद्यातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. पहिली म्हणजे ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. म्हणजे अमुक भाग महत्त्वाचा, तमुक किरकोळ, असा भेद तिथे नाही. दुसरी म्हणजे बंदूक बनवायला आणि विकायला जसा परवाना लागतो, तसाच ती दुरुस्त करायलाही लागतो. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बाराबोरची लायसन्सची बंदूक होती. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागल्यावर परत आणायची. एकदा परत आणताना ती मोटारसायकलवरून पडली आणि दस्त्याला चीर गेली. तो गावातल्या सुताराकडे गेला. सुतार म्हणाला, “नको मालक, तुमचा नांगर आणा, बैलगाडी आणा. हे काम माझं नाही.” शेवटी जिल्ह्याच्या गावी परवानाधारक दुकानात ती गेली. लायसन्स दाखवा, नोंद करा, पावती घ्या. लाकडाची एक चीर बुजवायला दोन महिने गेले. सुताराचं काही चुकलं नव्हतं आणि कायद्याचंही चुकलं नव्हतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांत दुरुस्ती कुठून कुठे आली, हे त्या दोन महिन्यांत दिसतं.

आता अमेरिकेकडे वळू, कारण सांगाड्याची गोष्ट मुळात तिथली. त्या देशात बंदूक बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क मानतात, त्यामुळे कायद्याने कुठे हात घालायचा हा तिथे नेहमीचा पेच. १९३८ च्या तिथल्या केंद्रीय कायद्यात बंदुकीचा कोणताही भाग म्हणजे बंदूकच, अशी व्याख्या होती. साधी स्प्रिंगसुद्धा त्यात आली. ऐकायला कडक, पण प्रत्यक्षात एवढ्या बारीकसारीक गोष्टींची नोंद ठेवणार कोण?

मग २२ नोव्हेंबर १९६३ चा दिवस आला. डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. जवळच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक जुनी इटालियन रायफल सापडली. तिच्यावर नंबर होता सी २७६६. या नंबराच्या मागावर तपास करणारे त्याच रात्री शिकागोच्या एका दुकानापर्यंत पोहोचले. नोंदी चाळल्या तेव्हा कळलं, की ही रायफल टपालाने मागवली होती. ‘हायडेल’ या खोट्या नावाने, टपालपेटीच्या पत्त्यावर, दुर्बीण आणि टपालखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंटच्या मनीऑर्डरवर. नाव खोटं निघालं, नंबर खरा निघाला. त्या नंबरामुळेच ली हार्वे ऑस्वाल्डपर्यंतचा कागदोपत्री धागा जुळला.

तरीही कायदा बदलायला पाच वर्षं लागली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गेले, आणि २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. टपालाने घरपोच बंदूक मिळणं बंद झालं. प्रत्येक नव्या बंदुकीवर नंबर सक्तीचा झाला. त्याआधी कितीतरी स्वस्त रायफलींवर नंबरच नसे. आणि तो तीस वर्षांचा पेचही सुटला: सगळे भाग नकोत, एकच भाग धरायचा. तो म्हणजे फ्रेम. नंबर तिच्यावर घालायचा, नोंद तिची ठेवायची, विक्रीच्या अटी तिला लावायच्या. नळी, स्प्रिंग, मूठीवरच्या पट्ट्या कुणीही कुठूनही घ्याव्यात.

व्यवहाराच्या दृष्टीने ही निवड सोयीची होती. नळी झिजते, स्प्रिंगा मऊ पडतात, पण पोलादी सांगाडा माणसाच्या आयुष्याला पुरून उरतो. कायद्याने हे कारण लिहून ठेवलेलं नाही, पण ज्या काळात तो झाला त्या काळात नंबरासाठी याहून टिकाऊ जागा सुचणं कठीण होतं. तो सांगाडा एक दिवस प्लॅस्टिकचा होईल, हे १९६८ साली कितीजणांच्या मनात आलं असेल?

खरं तर त्याची चाहूल लागलेली होती. द्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली नायलॉन तयार केलं. १९३८ मध्ये ते टूथब्रशच्या केसांतून लोकांसमोर आलं, १९४० मध्ये स्त्रियांच्या मोज्यांतून, आणि युद्ध पेटल्यावर पॅराशूटमधून. ते यश पाहायला कॅरदर्स नव्हता, तो १९३७ मध्येच गेला. पुढे द्यू पाँच्याच ताब्यातल्या रेमिंग्टन कंपनीने १९५९ मध्ये नायलॉनच्या अंगाची एक हलकी रायफल काढली. जुने शिकारी हसले, लाकडाशिवाय बंदूक म्हणजे खेळणं, म्हणाले. पण ती दहा लाखांहून अधिक विकली गेली. १९७० मध्ये जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल काढलं. ते फारसं चाललं नाही.

चाललं ते ऑस्ट्रियाचं. व्हिएन्नाजवळच्या एका गावात गॅस्टन ग्लॉक नावाचा गृहस्थ पडद्याच्या दांड्या आणि सैन्यासाठी चाकू बनवत असे. पिस्तुलाचा त्याला अनुभव नव्हता. ऑस्ट्रियाच्या सैन्याला जुनं पिस्तूल बदलायचंय, हे कळल्यावर त्याने जाणकार गोळा केले, त्यांना काय हवं ते विचारलं आणि प्लॅस्टिकच्या साच्यांचा आपला अनुभव पणाला लावला. १९८२ मध्ये सैन्याने त्याचं पिस्तूल स्वीकारलं. सांगाडा नायलॉनच्या कुळातल्या प्लॅस्टिकचा, वरचा सरकता भाग आणि नळी पोलादाची. हलकं, गंज न लागणारं, साच्यातून पटापट निघणारं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला दिसू लागलं. आपल्याकडे एनएसजीचे जवान ते वापरतात.

लोकांना आधी भीती वाटली ती वेगळीच. प्लॅस्टिकचं पिस्तूल विमानतळावरच्या यंत्राला दिसणारच नाही, अशा बातम्या १९८६ च्या सुमारास अमेरिकेत आल्या. त्यात तथ्य नव्हतं, कारण पिस्तुलाचं बरंचसं वजन पोलादाचंच होतं. पण घबराट एवढी वाढली की १९८८ मध्ये तिथे कायदा झाला: यंत्राला दिसेल इतकी धातू प्रत्येक बंदुकीत असलीच पाहिजे. या गडबडीत नंबराची सोय मात्र शांतपणे झाली होती. प्लॅस्टिकवर कोरलेला नंबर घासून जाईल, म्हणून सांगाड्यात पोलादाची एक छोटी पट्टी बसवली आणि नंबर तिच्यावर घातला. शरीर प्लॅस्टिकचं, नाव तेवढं पोलादाचं.

आता भेगेकडे येऊ. पोलादाला भेग गेली तर वेल्डिंगचा मार्ग असतो. तो सोपा नाही, पण असतो. कडा वितळतात, एकजीव होतात. प्लॅस्टिकचं तसं नाही. नायलॉनचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. त्यांना बळकटी यावी म्हणून काचेचे बारीक तंतू मिसळण्याचीही रीत आहे. भेग जाते तेव्हा साखळ्याही तुटतात आणि तंतूही. वरून उष्णता देऊन प्लॅस्टिक वितळवलं तर पृष्ठभाग मिळाल्यासारखा दिसतो, पण आतले तंतू पुन्हा सांधले जात नाहीत. डिंक म्हणाल, तर नायलॉनचा गुणच असा की तेल आणि बऱ्याचशा रसायनांना ते दाद देत नाही. तोच गुण इथे आडवा येतो, डिंक धरत नाही. शिवाय सांगाड्याच्या पोटात पोलादाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. वरचा भाग त्यांच्यावरून सरकतो. भेग त्यांच्याजवळ असेल तर पट्टी हलते, आणि प्रत्येक बाराच्या धक्क्यानिशी आणखी हलते. बादलीचं प्लॅस्टिक फुटून पाणी सांडलं तर फरशी ओली होते. इथे धक्का थेट माणसाच्या तोंडासमोर असतो. म्हणून जाणते कारागीर अशी भेग सांधत नाहीत. पिस्तूल वापरातून काढा आणि बनवणाऱ्याकडे पाठवा, हाच त्यांचा सल्ला असतो.

बनवणारा कारखानाही सांधत बसत नाही, तो बदलून देतो. १९६८ च्या कायद्याने ही वाट उघडी ठेवली आहे: दुरुस्तीला पाठवलेली बंदूक, किंवा तिच्याऐवजी त्याच जातीची दुसरी, कारखान्याने थेट मालकाकडे परत पाठवायला हरकत नाही. नव्या सांगाड्यावर रीतीप्रमाणे नवा नंबर पडतो. जुनाच हवा असेल तर सरकारची खास परवानगी लागते, आणि जुना सांगाडा नष्ट केल्याची नोंद लागते. एका नावाची दोन शरीरं जगात असता कामा नयेत.

पण कारखाना बंद पडला असेल तर? किंवा राज्याचे नियम आड येत असतील तर? कॅलिफोर्नियात १९९९ च्या कायद्याने मान्य पिस्तुलांची यादी करायचं ठरलं. २००१ पासून दुकानदारांना त्या यादीबाहेरचं नवं पिस्तूल सामान्य गिऱ्हाइकाला विकता येईना. २०१३ मध्ये आणखी एक तांत्रिक अट लागू झाली आणि नवी अर्धस्वयंचलित मॉडेलं यादीत येणं जवळपास दहा वर्षं थांबलं. २०२३ मध्ये कोर्टाने ती अट अडवली, तेव्हा दार किलकिलं झालं. अशा ठिकाणी तडकलेला सांगाडा म्हणजे नुसता मोडलेला भाग राहत नाही. तो बदलणं म्हणजे नवं पिस्तूल घेणं, आणि नवं घेणं यादीवर अवलंबून.

या कोंडीतून कारखानदारांनी एक वाट काढली. नंबर असलेला भागच लहान करायचा. २०१४ मध्ये बाजारात आलेल्या सिग सॉवरच्या पी-३२० या पिस्तुलात खटक्याची यंत्रणा एका छोट्या पोलादी चौकटीत बसवली आहे आणि नंबर त्या चौकटीवर आहे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तेवढीच बंदूक. भोवतीची प्लॅस्टिकची मूठ हा नुसता सुटा भाग झाला. ती तडकली तर सायकलच्या सीटसारखी नवी आणायची. २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने याच घडणीचं पिस्तूल निवडलं. आपल्या १९५९ च्या कायद्यात मात्र ही पळवाट चालणार नाही, कारण तिथे भागही शस्त्रच.

आता कुणी विचारेल, बिचाऱ्या मालकाला इतका त्रास कशासाठी? त्याचं उत्तरही प्लॅस्टिकनेच दिलं. साच्यातून सांगाडा काढणं सोपं झालं, तसा अर्धवट सांगाडा काढून विकणंही सोपं झालं. जवळपास पूर्ण झालेला, चार भोकं पाडायची बाकी ठेवलेला, म्हणून कायद्याच्या लेखी अजून बंदूक न झालेला. नंबर नाही, नोंद नाही, गिऱ्हाइकाची चौकशी नाही. घरी बसून तो पुरा करायचा. अमेरिकेतल्या पोलिसांना गुन्ह्याच्या जागी अशी बिननंबरी पिस्तुलं मोठ्या संख्येने सापडू लागली. लोक त्यांना भुताच्या बंदुका म्हणू लागले. २०२२ मध्ये सरकारने नियम केला, की सहज पुरा करता येणारा सांगाडा हाही सांगाडाच. त्याला आव्हान दिलं गेलं, आणि २६ मार्च २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो नियम उचलून धरला. ज्याच्या घरातला माणूस गोळीने गेला, त्याला निदान ही बंदूक कुठून आली एवढं तरी कळावं, हा नंबराचा साधा अर्थ आहे. १९६३ साली सी २७६६ ने जे सांगितलं, ते भुताची बंदूक सांगू शकत नाही.

आपल्याकडचं चित्र निराळं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. नामवंत नेमबाजांना तेवढी सवलत मिळते. त्यामुळे आधी आलेली विलायती हत्यारं तीच ती दुरुस्त करून चालवली जातात. ती बहुतेक पोलादाची आणि लाकडाची, म्हणून टिकली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. बंदूक कमी व्हावी, असंच मला वाटतं. पण जी आहे ती जाणत्या, परवाना असलेल्या हाताखालूनच गेली पाहिजे, हेही तितकंच खरं. असे हात म्हातारे होत चालले आहेत. त्यांच्या मुलांनी मोबाइल दुरुस्तीची दुकानं टाकली आहेत. तो हात संपला तर मोडकं हत्यार चोरून कुणा अडाण्याकडे जाईल. आणि अडाण्याने सांधलेली भेग ही सर्वांत धोक्याची.

जुना शिकलगार वस्तू पुन्हा वापरात आणायचा, आणि ती कुणाची हे गावाला ठाऊक असायचं. आज गावाच्या ओळखीची जागा नंबराने घेतली आहे. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, वस्तू आणि तिची नोंद. पिस्तुलाच्या बाबतीत या दोहोंतली एकच वाचणार असेल, तर मी नोंद वाचवा म्हणेन. सांगाडा तडकला तर तो तोडून टाकावा. माणसाचा जीव घेऊ शकणारी वस्तू दुरुस्त होत नाही म्हणून कुणी हळहळू नये. तिने कुणाचा जीव घेतला तर ती कुणाची होती, हे मात्र कुठेतरी लिहिलेलं सापडलं पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)